कुळदेवाला जाताना वाटेवरची खेड्यातली चर्चं: कुठली बघावीत?

शहापूरची_सून

नमस्कार मंडळी. आमचं दरवर्षी ठरलेलं असतं. बेळगावहून पहाटे निघायचं, खानापूर-लोंढा-रामनगर करत अनमोड घाट उतरायचा, कवळ्याला शांतादुर्गेचं दर्शन, प्रसादाचं जेवण, दुपारची झोप आणि दुसऱ्या दिवशी माघारी. ओल्ड गोवा दोनदा झालंय. दोन्ही वेळा गर्दीत सासूबाई एका बाकावर आणि आम्ही त्यांना शोधतोय.

यंदा लेक आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला गेली. तिचं म्हणणं, ओल्ड गोव्यातलं सगळं पुस्तकात आहे, मला गावातली चर्चं बघायची आहेत, जिथं अजून लोक रोज प्रार्थनेला जातात. मला यातलं ओ की ठो कळत नाही. हाताशी दीड दिवस. सासूबाई चौऱ्याहत्तरच्या, गुडघे दुखतात, पण घरी बसायला तयार नाहीत. जाणार ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे पाऊस असणार. फोंड्याच्या आसपास काय बघावं?

कुंदा_प्रेमी

चर्चचं अनेकवचन चर्चं? मला वाटायचं चर्चा.

शहापूरची_सून

ती इथं होईलच आता.

जुना_कॅम्पवाला

पहिल्यांदा घरचं सांगतो. आपल्या कॅम्पातलं सेंट मेरीज बघितलंय का लेकीनं? १८६९ चं, इंग्रजांनी पलटणीसाठी बांधलेलं गॉथिक. टोकदार कमानी, दगडी भिंती, आणि आत शिरलं की बाहेरचा हॉर्न ऐकू येत नाही. बेळगावात जन्मून बेळगावातलं न बघितलेले निम्मे लोक या धाग्यावर असतील. ते बघून मग गोव्यात उतरा, म्हणजे फरक कळेल. हे पलटणीचं चर्च, ते गावाचं.

गोव्यात गावाचं चर्च म्हणजे कसं: पुढं पांढरं मैदान, मैदानात कुरीस म्हणजे क्रूस, बाजूला पाद्रीविगाराचं घर, मागं सिमितेर म्हणजे दफनभूमी. गावाची गांवकारी, म्हणजे शेतजमीन सामाईक सांभाळणारी जुनी व्यवस्था, तिच्या उत्पन्नातून चर्चचा खर्च चालायचा. आधी त्याच गांवकाऱ्या देवळांचा चालवायच्या. फोंड्याहून तुम्हाला सर्वात सोपं म्हणजे बोरीचा पूल ओलांडायचा. पलीकडं राय, राशोल, कुडतरी, चांदोर ही चार गावं एका माळेत आहेत. एक सकाळ पुरे.

एक सूचना. गावातली चर्चं सकाळच्या मिसेनंतर, म्हणजे प्रार्थनेनंतर, बंद होतात आणि संध्याकाळी उघडतात. दुपारी बाराला गेलात तर कुलूप बघून याल.

खानापुरी

गोव्यास जाऊन चर्च बघूलालासा, हलशी बघिटला काय कधी? आमच्या तालुक्यात हाय की. कदंबांची राजधानी व्हती ती, पलाशिका म्हणायचे. भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर. एका बाजूस वराह, दुसऱ्या बाजूस नरसिंह, मधी आपण. तिकीट न्हाई, गर्दी न्हाई, गाडी दारात लागते. पण न्हाई, आमच्या लोकांस घाट उतरल्याबिगर काय बघितल्यागत वाटत न्हाई.

मास्तर_निवृत्त

खानापुरी, तुमचा मुद्दा चुकीचा नाही, पण दोन्ही ठिकाणं एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत हे लक्षात घ्या. ज्या कदंबांची हलशी, त्यांचंच गोवा. चांदोर म्हणजे जुनं चंद्रपूर, तेही त्यांच्या राजधानीचं ठिकाण. नंतर ते जुवारीच्या काठी गोपकपट्टणला गेले. मोलेजवळचं तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ त्यांच्याच काळातलं. त्याचा काळा दगड घाटमाथ्यावरून नेला असं मानतात, कारण गोव्यात जिकडं तिकडं जांभा. अनमोड उतरून मोलेला आलात की थोडीशी वाट वाकडी करून ते होतं.

आता ताई, तुमच्या प्रश्नाकडे. राशोल चुकवू नका. मी मराठीचा मास्तर, तेव्हा मला चर्चच्या आधी छापखाना दिसतो. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेज्विट, म्हणजे येशू संघाचा पाद्री, १५७९ मध्ये गोव्यात आला, साष्टीत राहिला, इथली भाषा शिकला आणि अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं क्रिस्तपुराण रचलं. मराठीत! ते १६१६ साली राशोलला छापलं, रोमन लिपीत. त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज शिल्लक नाही. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातल्या ओव्या आमच्या पिढीनं शाळेत पाठ केल्या. सीमाभागात बसून 'मराठी, मराठी' म्हणणाऱ्या माणसानं त्या गावची माती एकदा बघून यायला हवी. राशोलची सेमिनरी अजून चालू आहे, तिथं मुलं पाद्री व्हायला शिकतात, त्यामुळे फाटकावर विचारून आत जा. जुन्या किल्ल्याची वेस वाटेवरच आहे.

निपाणीचा_तंबाखू

कुणी तरी बोलायला हवं म्हणून बोलतो. ज्या शांतादुर्गेच्या दर्शनाला तुम्ही कवळ्याला जाता, तिचं मूळ ठाणं केळशी. मंगेशीचं कुशस्थळी, म्हणजे आजचं कुठ्ठाळी. म्हाळसेचं वेर्णे. १५६० च्या दशकात साष्टीतली देवळं पाडली, तेव्हा लोकांनी रातोरात मूर्ती घेऊन जुवारी ओलांडली आणि फोंड्यात आसरा घेतला, कारण फोंडा तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता. आणि आता त्याच देवीचं दर्शन घेऊन, तीच नदी उलटी ओलांडून, तिथली चर्चं बघायला जायचं? मला तरी जमणार नाही. कुणाला दुखवायचं नाही, पण पोटात कालवतं.

कुंदा_प्रेमी

झाली चर्चा सुरू.

जुना_कॅम्पवाला

तंबाखूसाहेब, तुम्ही म्हणता ते घडलं. मी नाकारत नाही, आणि माझ्या घरात कुणीच नाकारत नाही. माझं आडनाव पोर्तुगीज, मूळ गाव कुंकळ्ळी. १५८३ मध्ये कुंकळ्ळीकरांनी पाच जेज्विटांना मारलं. मग बोलणी करायची म्हणून गावच्या गांवकारांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथं कापून काढलं. देवी शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण फातर्प्याला गेली. ती वर्षातून एकदा गावात येते तेव्हा बारा सोंत्र्यो, म्हणजे छत्र्या, बारा वांगडांच्या, म्हणजे घराण्यांच्या, नावानं निघतात. त्यातली काही घराणी आज ख्रिस्ती आहेत, आणि त्यांचाही मान त्यात आहे. माझी आजी दर रविवारी मिसेला जायची आणि जत्रेच्या दिवशी फातर्प्याच्या दिशेला तोंड करून अंगणात उभी राहायची. आम्ही विचारलं तर म्हणायची, तुमका कित्याक जाय? म्हणजे, तुम्हाला कशाला हवंय?

चर्च बघायला गेलं म्हणजे पाडणाऱ्याला शाबासकी दिली असं होत नाही. ज्यांनी ते बांधलं ते गवंडी, सुतार, चुना मळणारे सगळे इथलेच होते. तुम्हाला जायचं नसेल तर नका जाऊ, पण आजीसारखी माणसं त्या बाकांवर बसत होती एवढं सांगून ठेवतो.

निपाणीचा_तंबाखू

आजीचं वाचून गप्प बसलो. मत बदललं असं समजू नका.

चुना_आणि_जांभा

मी पेशानं सिव्हिलवाला, बांधकाम सांगतो. लेकीला उपयोगी पडेल.

गोव्यातलं जवळपास प्रत्येक जुनं चर्च जांभ्याचं आहे. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीनं तासता येतो, वाऱ्यावर आला की घट्ट होतो. आपल्या खानापूर-जांबोटीकडची जुनी घरंही त्याचीच. पण जांभा सच्छिद्र, पाणी पितो. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा आणि दरवर्षी पावसाळा संपला की पांढरी सफेती. चर्च पांढरं असण्यामागं असा हिशोब आहे. ओल्ड गोव्यातलं बॉम जेझू तेवढं लालभडक दिसतं, कारण १९५० च्या दशकात त्याचा गिलावा काढून टाकला. जुनं दिसावं म्हणून! आज पावसानं तो जांभा झिजतोय आणि परत गिलावा करावा की नाही यावर वाद चालू आहेत. आमच्यात याला 'सौंदर्याच्या नादात ताप विकत घेणं' म्हणतात.

बारीकसारीक बघायचं तर खिडक्या. काचेऐवजी शिंपल्यांची चौकोनी तावदानं लाकडी पट्ट्यांत सरकवलेली असतात. कडक ऊन दुधाळ होऊन आत येतं. जुन्या चर्चात आणि घरांत अजून सापडतात, पण एकेक करून काच बसत चालली आहे. दिसली तर लेकीला म्हणावं आधी ते चितार, वेदी नंतर.

आणि बाहेरून सगळा दिखावा पुढच्या भिंतीला. बाजूला जाऊन बघा, मागं साधं कौलारू छप्पर. हेच मला या चर्चांत सर्वात आवडतं. लग्नाला निघालेल्या माणसानं वर कोट आणि खाली घरची विजार घालावी तसं.

आल्डोण्याची_भाची

चिरा, चुना झाला. सणाचं कुणी बोलेना. ताई, तुम्ही ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जाताय ना? मग ५ ऑगस्टला रायला जा. त्या दिवशी कोणसाचें फेस्त असतं. नव्या भाताची कणसं पाद्री शेतात जाऊन कापतो, आशीर्वाद देतो आणि लोकांना वाटतो. गोव्यात नव्या कणसाचा पहिला मान रायचा. तिथलं चर्च आवर लेडी ऑफ स्नोज, म्हणजे बर्फाची सायबीण. गोव्यात बर्फ कुठला विचारू नका, रोममधल्या एका कथेवरून नाव आलंय.

आणि जुलैच्या शेवटाला सांतानाचं तवशांचें फेस्त. तिसवाडीतलं तळावली गाव. मूल हवं असणारी जोडपी सेंट अॅनला काकडी वाहतात. पोर्तुगीजमध्ये यमक जुळतं: पेपीन दिलं की मिनीन, म्हणजे मूल. बायको हवी तर चमचा, कारण कुल्हेर आणि मुल्हेर. नवरा हवा तर उडीद, तो मारीदशी जुळतो. माझ्या मावशीनं उडीद वाहिले होते. मिळाला. पुढचं ती सांगत नाही.

कुंदा_प्रेमी

उडीद मुठीनं वाहायचे की मापानं? मित्रासाठी विचारतोय.

आल्डोण्याची_भाची

मित्राला आधी चमचा घेऊन पाठवा.

सदाशिवनगर_सायकल

सांतान चर्चला माझा दुजोरा. १६८१ ते १६९५ चं काम, दोन्ही बाजूंना पाच मजली बुरुज, आणि आजूबाजूला भातशेत. एवढं मोठं चर्च या एवढ्याशा गावात का, हा प्रश्न पडतो आणि त्यातच मजा. भिंती आतून पोकळ आहेत. त्या पोकळीतून माणूस चालत जाऊन, कुणाला न दिसता पापाची कबुली देऊ शकायचा.

पण इशारा. गोव्यात तळावली नावाची दोन गावं आहेत. एक तिसवाडीत, दुसरं फोंडा तालुक्यात. मी फोनवर नुसतं 'तळावली' टाकलं आणि दुर्भाटकडं जाऊन पोचलो. तिथं एका आजोबांना सांतानाचं चर्च विचारलं. त्यांनी माझ्याकडं, सायकलीकडं आणि पावसाकडं बघितलं आणि म्हणाले, "नदीपल्याड." मधे जुवारी! दिवस गेला. संध्याकाळी दुर्भाटच्या धक्क्यावर बसून भजी खाल्ली, तीही थंड.

खानापुरी

देगावचंबी तसंच. कमळनारायणाचं देगाव कित्तूरजवळ, आणि म्हादई उगम पावते ते देगाव आमच्या तालुक्यात जंगलात. पुण्याचे पाव्हणे देऊळ बघायास म्हणून आमच्याकडं येऊन नदी बघून गेले.

बसस्टँडवाली

चोर्ल्यानं जाणाऱ्यांसाठी काही सांगा ना. आम्ही कणकुंबीवरून जातो, साखळीला उतरतो. रस्त्याची दशा विचारू नका, गेल्या पावसात आमच्या गाडीचं पुढचं चाक खड्ड्यात गेलं ते टोईंगवाल्यानंच काढलं. तीन तास धुक्यात उभे. लेकरू म्हणतं, आई आपण ढगात राहायला आलो का.

आल्डोण्याची_भाची

साखळीहून म्हापशाकडे जाताना अस्नोड्याच्या अलीकडं शिरगाव लागतं, लईराई देवीचं. आणि म्हापशाला मिलाग्रीस सायबीण, सेंट जेरोमचं चर्च, मूळ १५९४ चं. लोक म्हणतात लईराई आणि मिलाग्रीस या सात बहिणींतल्या दोघी. ईस्टरनंतर तिचं फेस्त असतं तेव्हा हिंदू लोक रांगेत उभे राहून तेल वाहतात. म्हापशाहून पुढं साळगाव. ते चर्च इतरांसारखं नाही. १८७३ चं, टोकदार गॉथिक, पांढरंशुभ्र, रात्री दिवे लावले की बर्फीसारखं दिसतं. आतली देवमातेची मूर्ती ओल्ड गोव्यातल्या दावजीच्या पडक्या मठातून आणलेली आहे. आमच्या आल्डोण्याचं सेंट थॉमसही नदीकाठी, १५९६ चं. भाची असल्यामुळे मी पक्षपाती आहे, सोडून द्या.

मास्तर_निवृत्त

म्हापशाजवळच मोयडें. केळी प्रसिद्ध आणि माणसं त्याहून. मोयडेकारांच्या शहाणपणाच्या गोष्टी गोव्यात घरोघर सांगतात. त्यातली एक चर्चचीच. गावाची वस्ती वाढली, चर्च पुरेना. पंचांनी ठरवलं, झाड खतानं वाढतं तर चर्च का नाही? भिंतीभोवती शेणखत घातलं. किती वाढतंय ते कळावं म्हणून थोड्या अंतरावर खूण म्हणून कांबळ पसरलं. रात्री चोरानं कांबळ पळवलं. सकाळी सगळे नाचायला लागले, भिंत कांबळाच्या पुढं गेली!

चुना_आणि_जांभा

हसू नका. आमच्याकडं असे क्लायंट येतात. फक्त खताऐवजी वास्तुशास्त्र म्हणतात.

कुंदा_प्रेमी

आणि कांबळ पळवणारा ठेकेदार असतो.

शहापूरची_सून

अहो थांबा थांबा, मी वहीत लिहून घेतेय. सासूबाईंना सगळा धागा वाचून दाखवला. तंबाखूदादांचं वाचलं तेव्हा त्या म्हणाल्या, "लग्न झाल्यावर मामंजींनी मला केळशी दाखवली होती. एका शेताच्या बांधावर उभं केलं आणि म्हणाले, इथनं आलो. मग आम्ही बसनं परत." त्यांना त्यापुढं काही बोलायचं नव्हतं, लगेच विचारलं की रायला पायऱ्या किती.

५ ऑगस्ट जमवतेय. राय, राशोल, कुडतरी असा बेत. पावसात दिवाडी बेट करू का?

जुना_कॅम्पवाला

दिवाडीला फेरीबोट लागते, सासूबाईंना चढउतार जमेल का बघा. टेकडीवरचं पिएदादचं चर्च सुंदर आहे, आराखडा गोव्याच्याच एका पाद्र्यानं केलेला. तिथल्या दफनभूमीतल्या लहान चॅपेलचं छत नीट बघायला लावा लेकीला, त्यात कदंबकालीन देवळाचे कोरीव दगड आहेत. कदंबांच्या कुळदेवाचं, सप्तकोटीश्वराचं देऊळ या बेटावरच होतं. पुढं ते नार्व्याला गेलं आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचा जीर्णोद्धार केला. तंबाखूसाहेब, ते चॅपेल तुम्हीसुद्धा बघा. तुमचं आणि माझं दोन्ही एकाच छताखाली आहे.

पण पावसात फेरी आणि गुडघे, नको. पुढच्या खेपेला.

बसस्टँडवाली

चप्पल काढायची का आत? आणि साडी चालेल ना?

जुना_कॅम्पवाला

साडी चालेल काय, शोभेल. हाफ पँट नको. चप्पल काढायची नसते. मिस चालू असेल तर मागच्या बाकावर बसा, मधून फिरू नका, फोटो तर अजिबात नको. संपल्यावर पाद्र्याला विचारा, शंभरात नव्वद वेळा तो स्वतः उठून दाखवतो.

वाटाड्या (संपादक)

धाग्यात टोईंगवाल्याचा फोन नंबर टाकलेला प्रतिसाद काढला आहे. मोयडेकारांचे विनोद वेगळ्या धाग्यावर घ्यावेत.

कुंदा_प्रेमी

त्या धाग्याला खत कोण घालणार?

शहापूरची_सून

परवा परत आलो. सविस्तर लिहिते.

४ तारखेला कवळे. पाऊस असा की देवळासमोरचं तळं आणि आकाश वेगळं दिसेना. ५ ला सकाळी साडेसहाला निघालो, बोरीचा पूल ओलांडला. रायला पोचलो तेव्हा चर्चसमोर छत्र्याच छत्र्या. बँड होता, पोरं पांढऱ्या झग्यात, आणि सगळे शेताकडं निघालेले. आम्ही मागं मागं. सासूबाईंना बांधावर नेणं शक्य नव्हतं, त्या गाडीत काच खाली करून बसल्या. परत येताना एका बाईंनी त्यांच्या हातात दोन कणसं दिली. ओळख ना पाळख. सासूबाईंनी पदरात घेतली आणि विचारलं, "हे भात कुठलं?" मग दोघींचं जे सुरू झालं! एक कोकणीत, एक आमच्या बेळगावी मराठीत. बेळगावची बासमती पूर्वी कशी वास मारायची, आता बी राहिलं नाही, इकडं खाजण जमिनीत खारं पाणी शिरलं की काय होतं. मी मधे छत्री धरून उभी.

मग चर्चात. दारात सासूबाईंनी चप्पल काढली. मी सांगितलं, इथं काढायची नसते. तिथला मिराशी की कोण, तोही म्हणाला, "आजी, घाला, फरशी ओली आहे." त्या म्हणाल्या, "मला जमत नाही हो." आणि अनवाणीच गेल्या. बाकावर बसल्या ते पाऊण तास. गुडघे विसरल्या म्हणा.

लेकीला शिंपल्यांची तावदानं दिसली का? रायला नाही. कुठल्याशा जुन्या घराच्या खिडकीत दिसली, गाडी थांबवून चितारली, कागद भिजला. राशोलला फाटकावर विचारलं, एका तरुण ब्रदरनं आत नेलं. मास्तर, मी त्याला क्रिस्तपुराणाचं विचारलं तर तो खुलला. मी त्याला म्हटलं आमच्या गावी मराठीच्या पाटीवरून भांडणं होतात आणि इथं तुम्ही मराठी ओव्या सांभाळताय. तो हसला फक्त.

कुडतरीला पोचायला साडेबारा. कुलूप. कॅम्पवाले दादा, तुम्ही सांगितलं होतं, मान्य. पण १५९७ चं ते चर्च बाहेरून, तळ्याच्या काठी, पावसात... लेक म्हणाली आत नाही गेलो तरी चालेल. पुढची भिंत बघून मी मुद्दाम बाजूला गेले आणि वरचा कोट, खालची विजार बघून आले. जांभासाहेब, आता मला प्रत्येक चर्चात विजारच दिसणार.

चुना_आणि_जांभा

माझं आयुष्य सार्थकी लागलं.

खानापुरी

५ ऑगस्टास कणीस? आमच्याकडं अजून लावणी संपंना. रोप टाकलं तर बेडकं बसूलालीत त्याच्यावर.

आल्डोण्याची_भाची

तिकडं भात लवकर निसवतं, आणि फेस्तासाठी एक तुकडा आधी पेरून ठेवतात म्हणे. ताई, कणसांचं काय केलं?

शहापूरची_सून

देव्हाऱ्यावर बांधली. सासूबाई म्हणाल्या, गोव्यात गणपतीत नवें करतात तसंच हे, फक्त लवकर. शेजारणीनं विचारलं तर सांगितलं, "बर्फाच्या देवीचं."

निपाणीचा_तंबाखू

ताई, एक विचारायचं होतं. परतताना केळशी केली का?

शहापूरची_सून

केली. वाट वाकडी पडली, पण केली. सासूबाईंना तो बांध सापडला नाही. सगळीकडं बांधकामं झालीत. एका ठिकाणी म्हणाल्या, "असेल इथंच कुठंतरी," आणि गाडीतून उतरल्या नाहीत. मग कुठं चहा मिळतो ते विचारलं.

निपाणीचा_तंबाखू

बरं.

पुढच्या वर्षी दिवाडीचं ठरलं तर सांगा. गाडीत जागा असली तर.

सदाशिवनगर_सायकल

तळावली राहिलीच ना? नदीअलीकडची की पलीकडची ते आधी मला विचारा.

खानापुरी

आणि हलशी?

शहापूरची_सून

या रविवारी. सासूबाई म्हणतात कित्तूरकडच्या देगावलाबी जाऊ. तिथं पायऱ्या किती?

खानापुरी

मोजिटलो न्हाई. माझी आई येती दरसाली, तिचेबी गुडघे गेलेत. दोघींस एकत्रच न्या की. हलशीत आमच्याकडं जेवाय या.